खुर्चीतला उंदीर

आमच्या आप्पांना कुणी खोटारडं ठरवलं की माझं डोकं फिरतं. आजही फिरतं. पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात बेळगावच्या कॅम्पातल्या एका बंगल्यात ते जसं फिरलं, तसं मात्र पुन्हा कधी फिरलं नाही.

त्या बंगल्यात पूर्वी एक डॅनिश डॉक्टरीणबाई राहायच्या. मी चौथीत असताना त्यांनी आप्पांना बोलावून आपली खुर्ची दाखवली. ती त्यांच्या वडलांनी तिकडं डेन्मार्कात स्वतःच्या हातानं केलेली. 'अशाच आणखी तीन कर,' म्हणाल्या. दिसायला खुर्ची अगदी साधी. सागवानी, पाठीला एकच बाकदार फळी आणि बैठक कागदी दोरानं विणलेली. आप्पा म्हणायचे, "बघाय सोपी, कराय बसलं की घाम फुटतोय." आमचं घराणं सुताराचं नव्हे. आजा बिगारी. आप्पा एका कानडी मेस्त्रीच्या हाताखाली शिकले, आणि 'ह्यांना कुठलं आलंय सुतारकाम' हे ऐकत ऐकतच शिकले. त्या तीन खुर्च्यांत त्यांनी जीव ओतला.

सागवान खानापूरकडचं मिळालं. पण तसला दोर इथं कुठनं आणायचा? आई म्हणाली, "कागूदच हाय न्हवं? मग मी वळते की." खाकी कागदाच्या पट्ट्या कापायच्या, ओल्या फडक्यानं पुसायच्या, मांडीवर वळायच्या, तीन पदर एकत्र पिळायचे, वर मेण चोळायचं. महिनाभर आमच्या हिंडलग्याच्या घरात भाकरीच्या टोपलीतसुद्धा कागदाचे तुकडे सापडायचे.

त्याच महिन्यात माझ्या गणिताच्या वहीचं खाकी कव्हर नाहीसं झालं. "उंदरानं न्हेलं आसंल," आई म्हणाली. गुरुजींनी मला दिवसभर बाकावर उभं केलं. घरी येऊन मी उंदराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शेवटी आप्पांनी सापळा आणला. उंदीर काही घावला नाही.

पुढं बाई मायदेशी गेल्या आणि तिकडंच वारल्या. बंगला एका वकीलसाहेबांनी घेतला, खुर्च्यांसकट. आणि पंच्याऐंशी साली बाईंची भाची आली. आजोबांच्या हातची तेवढी एकच वस्तू उरली होती, तिला ती घरी न्यायची होती. पण चारांतली ती कुठली? इतक्या वर्षांत पॉलिशावर पॉलिश चढलं होतं, दोर काळपटले होते. वकीलसाहेबांनी पुण्याहून एक जाणकार आणला. आप्पांनाही बोलावलं, खुर्च्या उचलठेव करायला. मी तेव्हा निपाणीला शाळेत शिकवत होते, सुट्टीला आलेली. आप्पा म्हणाले, "बाईंची भाची हाय, दोन शब्द बोलाय तू चल." आणि बाईंच्या माणसाला बघायचं म्हणून आईपण निघाली.

जाणकारांनी भिंग काढलं, व्हरांड्यात मांडलेल्या तीन खुर्च्या उलट्यापालट्या केल्या आणि एकीवर हात ठेवला. "हीच. हे जोड बघा, केस शिरणार नाही. हे इथल्या हाताचं काम नव्हे. आणि हा कागदी दोर तर डेन्मार्कशिवाय कुठंच होत नाही." भाचीनं त्या पाठीवरून हात फिरवला. तिचे डोळे भरून आले.

आप्पा गप्प राहिले असते तरी चाललं असतं. त्यांच्या कामाची एवढी स्तुती आयुष्यात कुणी केली नव्हती. पण ते म्हणाले, "न्हाय साहेब. ही माझी. बाईंच्या वडलांची ती कोपऱ्यातली, कुंड्या ठेवलेली."

जाणकार हसले. "मेस्त्री, खोटं बोलावं, पण पचेल एवढंच!"

"जाऊ दे रे, तुला त्यातलं काय कळतंय," वकीलसाहेब म्हणाले.

आप्पांनी मान खाली घातली. भाची दुसऱ्या दिवशी सकाळीच निघणार होती, आणि आजोबांची म्हणून दुसऱ्याचीच खुर्ची घेऊन जाणार होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंड उघडणार, तोच पायरीवर बसलेली आई उठली.

"दोर आमच्या घरातला हाय," ती म्हणाली. "सोडून दाखवती."

तिनं खुर्ची उलटी केली, आतल्या बाजूनं बोट घालून दोराचं टोक ओढलं, आणि मधेच थांबली. माझ्याकडं बघून म्हणाली, "अगं, तू जरा तिकडं जा बघू."

"मी का जाऊ?"

"जा म्हटलं की जावं."

मी हलले नाही. आईनं नाइलाजानं पीळ सोडवला. मेणानं चिकटलेली खाकी पट्टी हळूहळू उलगडली. तिच्यावर किंचित फुटलेल्या निळ्या शाईनं लिहिलं होतं : इयत्ता ४ थी ब. विषय : गणीत. णी दीर्घ. त्या दीर्घ णीपायी मी छड्या खाल्लेल्या, ती मी कुठंही ओळखली असती.

"आई! हा तुझा उंदीर व्हय?"

"वीतभर कमी पडलता गं दोर," आई पुटपुटली. "दुसऱ्या दिशी खुर्च्या पोचवायच्या हुत्या."

मला रडू येत होतं आणि हसूही. मी पट्टी हिसकावली आणि जाणकारांच्या नाकासमोर धरली. "वाचा साहेब. डेन्मार्कात मराठी चौथी असते काय?"

त्यांनी वाचलं. परत वाचलं. तोवर मी भाचीला इंग्रजीत सगळं सांगितलं, उंदरासकट. ती धावतच कोपऱ्याकडं गेली. आप्पांनी कुंड्या उतरवल्या, खुर्ची आडवी केली आणि काहीतरी आठवल्यासारखी मागच्या पायाच्या आतली माती अंगठ्यानं खरवडली. डागून उठवलेली दोन बारकी इंग्रजी अक्षरं वर आली. तिच्या आजोबांच्या नावाची. ती खुर्चीला मिठी मारून तिथंच फरशीवर बसली.

"चूक झाली, मेस्त्री," जाणकार हळूच म्हणाले.

"जरा मोठ्यानं सांगा," मी म्हटलं. "आप्पांना कमी ऐकू येतं." साफ खोटं. पण त्यांनी मोठ्यानं सांगितलं, वकीलसाहेबांच्या देखत, आणि आप्पांनी ते दोन्ही कानांनी ऐकलं.

मग भाचीनं आप्पांच्या तिन्ही खुर्च्या ओळीनं मांडल्या आणि हातानं खुणावलं, बसा. त्या व्हरांड्यात आप्पा आजवर उभेच असायचे. ते बसले, पाठ ताठ करून, फोटो काढून घेत असल्यासारखे. आई मात्र नको नको करत होती. मी तिला दंडाला धरून बसवलं, जिच्या दोराचं टोक तिनं सोडलं होतं त्याच खुर्चीवर.

आईनं थोडं हलून बघितलं, दोर हातानं दाबला.

"घट्ट हाय की अजून," ती म्हणाली. "उंदरानं केलाय म्हणून कोण म्हणंल?"