सकाळचे दोन

मस्कतजवळ माबेल्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या ओमानी बाईचे आईवडील झांझिबारहून आलेले. तिच्या घरात अजून स्वाहिली चालायची. माझ्याशी मात्र ती मोडकीतोडकी हिंदी बोलायची, आणि त्या हिंदीनेच माझ्या संसारात काडी टाकली.

आमचे हे पंपांच्या कंपनीत. दुरुस्तीच्या कामासाठी कंपनीने त्यांना दार-ए-सलामला पाठवलं, तिथून पुढे नैरोबीला. बाईचा भाऊ दार-ए-सलामला दुकान चालवायचा. त्याच्यासाठी तिने यांच्याबरोबर हलव्याचा डबा दिला होता. निघताना तोच यांना विमानतळावर सोडणार होता.

त्या दिवशी मी भात लावत होते, तेवढ्यात यांचा मेसेज आला, ‘सकाळी निघालो, आत्ताच नैरोबीत उतरलो.’ मागोमाग शेजारीण दारात. ‘भाई का फोन आया. तुम्हारे मियाँ को दो बजे एअरपोर्ट छोडा.’

दो बजे? दुपारचे दोन तर अजून वाजायचेच होते. म्हणजे रात्रीचे! मी फोनवर शोधलं. दोन शहरांत सहाशे-सातशे किलोमीटर, विमानाला दीड तासही लागत नाही. आपल्या मस्कत-सलाला विमानाहूनही कमी. मग रात्री दोनला बाहेर पडलेला माणूस दुपारपर्यंत होता कुठे? आणि ‘सकाळी निघालो’ ही थाप कशाला? आदल्या दिवशी फोनवर मागे कोणीतरी बाई हसली होती. विचारलं तर म्हणाले, ‘टीव्ही.’ टीव्ही म्हणे! मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. भात करपला.

संध्याकाळी यांचा फोन. मी ठरवलं, भांडायचं नाही, नुसता खडा टाकून बघायचा. म्हटलं, ‘अहो, मला सगळं कळलंय.’

त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, ‘कोणी सांगितलं तुला?’

‘ते सोडा.’

‘चुकलं गं माझं,’ ते म्हणाले. ‘आल्यावर बोलू.’

उशी भिजवली आणि चार शिव्याही घातल्या. सकाळी उठून तडक शेजारणीकडे. ‘तुम्हारा भाई रात को दो बजे इनको किधर से लाया?’

‘रात? नहीं नहीं, सुबह दो बजे!’ म्हणाली आणि पोट धरून हसत सुटली. स्वाहिली लोकांचं घड्याळ सूर्याबरोबर सुरू होतं. आपल्या सातला त्यांचा एक, आपल्या आठला दोन. भावाने त्याच्या घड्याळाने सांगितलं, हिने तसंच माझ्यापर्यंत पोचवलं. आठला सोडलं, मग विमान, मग नैरोबी. सगळं चोख बसलं.

मीही हसले. काय हसले! तिने काहवा दिला, खजूर पुढे केले. मनात म्हटलं, बये, किती गं संशयी तू! माणूस बिचारा खरं बोलत होता.

चप्पल पायात सरकवताना मात्र थबकले. माणूस खरं बोलत होता, तर मग ‘चुकलं गं माझं’ ते कशाबद्दल?

हे परत आले. काजू आणले. कधी नव्हे ती अल मवालेहच्या बाजारात माझी भाजीची पिशवी उचलली. ‘आल्यावर बोलू’ काही निघेना. शेवटी मीच विषय काढला.

माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘तुला सगळं कळलंच आहे. आता परत कशाला उगाळायचं?’

मी ‘हो’ म्हटलं. त्या घड्याळाची गोष्ट मी यांना आजवर सांगितलेली नाही.