नोराबाईंचा हात

मी अमरावतीहून निघताना मुलगा फोनवर म्हणाला होता, "बाबा, आमच्या कंपनीच्या वर्धापनदिनाला आयर्लंडच्या एक लोकगायिका येताहेत. मी दौऱ्यावर आहे. तुम्ही जन्मभर इंग्रजी शिकवलंत, दिवसभर त्यांच्यासोबत राहा."

नोराबाई सत्तरीच्या, मेंढ्यांच्या आणि बटाट्याच्या शेतावरून थेट आलेल्या. सकाळी कसबा पेठेत तांबटांची ठोकाठोक ऐकत त्या पाव तास उभ्या राहिल्या. पुढे पुरीसोबत बटाट्याची भाजी आली तेव्हा खुलल्या आणि सांगू लागल्या. त्यांच्या गावात शॉन-नोस (साथीशिवाय गायचं पिढीजात गाणं) म्हणताना शेजारी बसलेलं माणूस गाणाऱ्याचा हात धरतं, लयीत हलकेच फिरवत राहतं. त्यांचा हात चाळीस वर्षं भावाने धरला. यंदा भाऊ गेला. आज त्याच्याच आवडीचं, अकरा कडव्यांचं गाणं, त्याच्याशिवाय पहिल्यांदा.

"कुणी हात धरला तर शेवटापर्यंत पोचेन," त्या म्हणाल्या. मी धरीन म्हणालो.

हिंजवडीला जाताना बस तासभर अडकली. काचेच्या इमारती बघत त्यांनी विचारलं, "इथे आधी काय पिकायचं?" बसमधल्या एकालाही सांगता येईना.

सभागृहात मी संयोजक मुलीकडे नोराबाईंचा हात धरून बसायला मंचावर एक खुर्ची मागितली.

"सर, स्टेजचं फायनल झालंय. आणि हात वगैरे... ऑड दिसेल."

"अहो, त्यांची पद्धत आहे ती!"

"आपण पहिल्या रांगेत बसा ना, सर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढ्या लांबून माणूस बोलवायचं आणि एक खुर्ची जड व्हावी? नोराबाई एकट्याच उभ्या राहिल्या, डोळे मिटून, उजवा हात जरासा पुढे. तिसरं कडवं संपलं मात्र, ढोल-ताशाची ध्वनिफीत वाजली. बक्षिसं वाटायची होती. टाळ्या पडल्या.

फाटकाबाहेर चहाच्या गाडीशी त्या येऊन उभ्या राहिल्या, उजवा हात अजून तसाच जरासा पुढे.

"काय झालं वो बाईस्नी?" गाडीवाल्या मावशींनी विचारलं. मी सांगितलं.

"गानं मधीच तोडलं? लाज हाय का न्हाई!" मावशींनी हात पदराला पुसला आणि नोराबाईंचा हात घट्ट धरला. "म्हना बाई."

उरलेली आठही कडवी तिथे झाली. चहा उतू गेला, मावशींनी हात सोडला नाही. नोराबाईंचा बसमधला प्रश्न मी मावशींना विचारला.

"भात," त्या कंपनीकडे बघत म्हणाल्या. "त्या गेटापाशी आमचं खाचर व्हतं."

परतीच्या गाडीत मुलाचा फोन आला. त्याला, त्याच्या कंपनीला यथेच्छ झापलं आणि फोन ठेवला. मग आठवलं. मंचाला तीनच पायऱ्या होत्या. वर जायला मला कुणीही अडवलं नव्हतं. माझे दोन्ही हात मोकळे होते आणि मी टाळ्या वाजवत होतो.