राबात भाजलेला दुधी

तीन वर्षांपूर्वी, माघ सरता सरता, मी माझ्या आईच्या माहेरचा दुधी जाळला. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि सुनंदा तर माझ्या नुसत्या खोकण्यावरून मी बाहेर भजी खाऊन आलोय हे ओळखते.

दुधी जळला तर त्यात एवढं काय, असं कुणालाही वाटेल. पण हा बाजारातला दुधी नव्हता. आईचं माहेर टोकावड्याचं. लग्न होऊन ती धसईजवळच्या आमच्या गावात आली तेव्हा तिच्या आईने मूठभर बी तिच्या पदराला बांधून दिलं होतं. त्या बियांना लागणारा दुधी तांब्यासारखा, वर आखूड मान आणि खाली गोल पोट. दर वर्षी मांडवावरचा पहिला देखणा दुधी तोडायचा नाही, त्याला काळा दोरा बांधायचा, वेलावरच वाळू द्यायचा आणि मग चुलीवर धुरात टांगून ठेवायचा. पुढच्या सालचं बी त्यातलं. (काळा दोरा लहानपणी मलाही होता. माझा पाचव्या वर्षी काढला. दुध्याचा कधीच नाही.)

आई आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे. रोज सकाळी कोऱ्या चहाचा कप घेऊन ती परसात फिरते, आणि झाडं बघता बघता घरातल्या माणसांविषयी आपलं मत जाहीर करते. थंडी ओसरून आंब्याला मोहोर आला की तिच्या मतांनाही बहर येतो.

"सून माजी वालासारखी. कोरड्या जमिनीत पन धरते."

"आणि मी ग आजी?" माझी मुलगी प्राची विचारते.

"तू मिरची. बारीक हायेस, पन ठसका हाय."

एकदा मीही विचारलं. आईने माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

"तू अळू," ती म्हणाली. "पानं मोठी."

फळाचं तिने नाव काढलं नाही. मीही विचारलं नाही.

मी शहापूरच्या एका शाळेत कारकून आहे. रोज मोटारसायकलने जातो-येतो, आणि शेतीशी माझा संबंध वर्षातून एका रविवारी येतो, तो राब भाजायच्या दिवशी. भाताचं रोप जिथे टाकायचं त्या तुकड्यावर शेण, पातेरा, गवत यांचे थर पसरायचे, वरून माती टाकायची आणि पेटवून द्यायचं. जमीन भाजली की तण मरतं, रोप जोमाने येतं. त्या दिवशी मी डोक्याला टॉवेल गुंडाळतो आणि वर्षभराची शेतकी एका सकाळी उरकतो.

त्या रविवारी पातेरा कमी पडला. परसाच्या कोपऱ्यात एक टोपली दिसली, वरपर्यंत वाळक्या पानांनी भरलेली. मी म्हटलं, वा, आईने आयतीच भरून ठेवली. टोपली राबावर पालथी केली, वर गवत लोटलं आणि पेटवलं.

थोड्या वेळाने राबातून 'फाट्' असा आवाज आला. गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

"काय फुटलं रे?" आईने घरातून विचारलं.

"बांबू, आये."

"राबात बांबू कुठला?"

"असतो एखादा."

विझल्यावर काठीने उकरून बघितलं. अर्ध्या कवचाचा कोळसा हाती आला. वाकडा, पोटाकडून गोल. तेव्हा कुठे लक्षात आलं. आईने बी काढायला म्हणून दुधी चुलीवरून उतरवला होता, आणि माकडांच्या नजरेला पडू नये म्हणून टोपलीत ठेवून वर पानं घातली होती. माकडांपासून तो वाचला. मुलापासून वाचवायचं तिच्या डोक्यात आलं नाही.

संध्याकाळी आई परसातून रिकामी टोपली घेऊन आली. चेहरा उतरलेला.

"मधू, हितला दुधी कुटं गेला?"

खरं सांगायला तोंड उघडलं. बाहेर आलं ते असं: "मी बी काढून ठेवलं, आये."

"तू?"

"हो. राखेत घालून कागदात बांधलंय. शहापूरला कपाटात ठेवणार आहे. कोरडं राहील."

आई पायरीवर बसली. मला वाटलं, धरली आपली चोरी. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पन्नाशीच्या पोराने परसातलं एक काम न सांगता केलं होतं!

"ऐकलंस गो सुनंदा?" ती म्हणाली. "पोराला बियाची कळकळ आली."

दुसऱ्या दिवशी आळीभर झालं. ज्याच्या त्याच्या तोंडी, मधूला बियाची कळकळ आली. मी शाळेत पोचायच्या आधी बातमी वाटेतल्या किन्हवलीपर्यंत गेली होती, कारण तिथे थांबलो तर आमच्याच गावचा एक जण म्हणाला, "काय मधूशेट, बी जपताय म्हनं."

दुपारी शहापूरच्या बाजारात बियाण्यांच्या दुकानात गेलो.

"दुधी द्या."

"कुठला देऊ?"

"चांगला."

पाकीट हातात घेऊन नीट वाचलं. लॉट नंबर बघितला, मुदत बघितली, उगवण किती टक्के ते बघितलं. वीस वर्षं कारकुनी केलेला माणूस कागदावरचं एक अक्षर सोडत नाही. पाकिटावर दुध्याचं हे एवढं मोठं चित्र होतं, ते तेवढं बघायचं राहिलं.

घरी आल्यावर पाकीट फोडलं तर बी गुलाबी! औषधाचा रंग लावलेला. मोरीत बसून काथ्याने घासघासून धुतलं, राखेत घोळवलं, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलं.

"बाबा, बोटं गुलाबी कशाने झाली?" प्राचीने विचारलं.

"शाळेचा शिक्का."

"शिक्का तर जांभळा असतो ना?"

"नवीन आलाय."

आईने उन्हाळी वेलासाठी पुडी मागून घेतली आणि सोडली. एक बी दोन बोटांत धरून उजेडात बघितलं.

"बारीक झालं रे आवंदा."

"सुकलं असेल."

"असंल," ती म्हणाली. माझ्यावर एवढा विश्वास तिने त्याआधी कधी टाकला नव्हता. मोरीच्या पाण्यावर आळं करून तिने बी लावलं.

वेल जोरात आला. पहिला दुधी धरला, वीतभर झाला, दीड वीत झाला, आणि लांबतच राहिला. पोट धरायचं नाव नाही. आई रोज सकाळी त्याच्यासमोर उभी राहायची. आंबा, वाल, सून, नात, सगळ्यांवरची मतं बंद झाली होती.

"उतावळा हाय," पहिल्या आठवड्यात ती म्हणाली. "पोट मागनं धरंल."

दुसऱ्या आठवड्यात तिने जुन्या लुगड्याची झोळी शिवली आणि दुध्याला तीत निजवलं. वजन खाली ओढलं नाही म्हणजे तो आडवा सुटेल, असा हिशेब. दुधी झोळीतून दोन्ही बाजूंनी बाहेर आला, लहान खाटेवर झोपलेल्या माणसाचे पाय यावेत तसा.

शेजारी येसूकाकू. तिचं आणि आईचं वीस वर्षं बोलणं नव्हतं. काकूच्या शेळीने एकदा आमचा वेल खाल्ला, तेव्हा आई चारचौघांत म्हणाली होती, "येसू, तुज्या हाताला कुसळ पन लागनार नाय." त्या दिवसापासून दोघी एकमेकींना जे सांगायचं ते आपापल्या जनावरांना सांगतात. काकूने झोळी बघितली आणि शेळीला म्हणाली, "बग गो, तांब्याच्या घरात लाटनं जलमलं."

आई म्हशीला काहीच बोलली नाही. मी घाबरलो तो तेव्हा. म्हशीला सांगण्यासारखं आईकडे काही नाही, असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात आम्ही ते लांबुडके दुधी किती खाल्ले म्हणून सांगू. भाजी, थालीपीठ, सांडगे, पुन्हा भाजी. मी एकही घास टाकला नाही.

"तुम्हाला दुधी आवडायला लागला?" सुनंदा म्हणाली. "लग्नात तर म्हणालात, ताटात दिसला तर उठून जाईन."

मग अखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. त्या दिवशी आमच्याकडे पावसाळी वेलांची आळी घालतात. आदल्या आठवड्यात आईने कुदळ सुनंदाच्या हातात दिली.

"हितनं पुढं आळी तू घाल. माजा हात गेला."

"असं काय बोलता, आई?"

"गेला. आमच्या आयेचं बी चार पिढ्या चाललं, ते माज्या हातात बिगाडलं. बियाला काय नाय झालं. माज्या लेकानं नीट राखलं व्हतं. हातच गेला."

माज्या लेकानं नीट राखलं व्हतं. मी ओटीवर बूट घालत होतो. डावा बूट उजव्या पायात घातला.

पण खरं नवल ते त्यानंतर झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई सुपात सोललेले वाल घेऊन कुंपणाबाहेर पडली आणि येसूकाकूच्या अंगणात जाऊन उभी राहिली. आईने आयुष्यात कुणाची माफी मागितल्याचं मला आठवत नाही. माझ्या वडिलांच्या पायावर एकदा तिच्या हातून पाटा पडला, तेव्हाही ती म्हणाली होती, "पाय कशाला ठेवला तितं?"

"येसू," आई म्हणाली, "वीस वरसांमागं मी तुज्या हाताला बोलले. ते आता माज्या हाताला लागलं. बोलले ते चुकले गो."

काकू शेळीकडे बघायला लागली. शेळी काही मदत करेना.

"तुजा हात कशानं जाईल?" शेवटी काकू म्हणाली. "हा तर अख्ख्या गावाला बी पुरवनारा हात. बस. च्या ठेवते."

मी कुंपणाच्या अलीकडे, हातात मोटारसायकलची किल्ली. पाच पावलं पुढे जायचं आणि म्हणायचं, आये, उठ, तुझा हात ठीक आहे, दुधी मी जाळला. एवढंच होतं. मी किक मारली आणि शहापूरला गेलो.

तिथे सही केली, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि तडक टोकावडं गाठलं. आईची धाकटी बहीण, चांगुणामावशी, तिथेच असते. त्याच आईच्या त्याच दुध्याचं बी तिलाही मिळालं होतं. तिच्या चुलीवर काळ्या दोऱ्याचे दोन दुधी टांगलेले दिसले आणि मला देवदर्शन झाल्यासारखं वाटलं.

"बी मागायला आलास म्हंजे तुमचं बुडालं," मावशी म्हणाली. "कसं बुडालं?"

"उंदरांनी खाल्लं."

"चुलीवरचा दुधी? तुमचा उंदीर शिडी लावतो काय?"

"मोठा होता, मावशी."

"आसंल. चांगला खाऊनपिऊन वाढलेला." तिने माझ्या पोटाकडे बघितलं, पण दुधी उतरवून दिला. असं बी विकायचं नसतं आणि मागणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं, ही त्यांच्या आईची शिकवण.

"आयेला सांगू नकोस," मी म्हटलं. "तिला वाईट वाटेल."

"तिला वाटंल?" मावशीने विचारलं. मी निघालो.

अख्खा दुधी घरी नेता येईना. दुसऱ्या दिवशी शाळेच्या कार्यालयात दार लोटून घंटेच्या दांड्याने तो फोडला. नेमके मुख्याध्यापक आत आले.

"मधुकरराव, हे काय?"

"दुधी, सर. बी काढतोय."

"इथे?"

"घरी फोडता येत नाही."

"घरी कोण आहे?"

"आई."

सरांची आई त्यांच्याकडेच राहते. ते मागे फिरले आणि दार बाहेरून नीट लावून घेतलं.

अखितीच्या सकाळी पुडी आईसमोर ठेवली. "आये, त्यातलंच थोडं बी माझ्याकडे राहिलं होतं. एक आळं घाल. माझ्यासाठी."

ती पुडीकडे बघत राहिली. घरात तिच्या शब्दाला अजून वजन होतं, पण हात तिने स्वतःच मोडीत काढला होता. शेवटी तिने सुनंदाकडून कुदळ मागून घेतली.

"हे एकच. नाय धरलं तर पुन्ना मला सांगायचं नाय."

श्रावणात त्या वेलाला पहिला दुधी लागला. वर आखूड मान, खाली हे असं पोट. आईने हाक मारली ती मला नाही, सुनंदाला नाही.

"येसू! धाव गो! हात आला माजा!"

येसूकाकू कुंपणावरून आली. (फाटकातून यायला वेळ लागला असता.) दोघींनी मिळून दुध्याला काळा दोरा बांधला. तेव्हापासून शेळी आणि म्हैस मोकळ्या झाल्या आहेत. दोघी म्हाताऱ्या दिवसभर आमच्या ओटीवर बसून गावाविषयी मतं जाहीर करतात. ते बी आज आमच्या आळीतल्या बहुतेक मांडवांवर आहे, आणि ज्याला देते त्याला आई सांगते, "मानसानं चूक कबूल केली ना, की हात परत येतो. माजा आला." आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणते, "आनि बी ह्यानं राखलं. पोरगा तसा गुनी हाय."

मला माझ्या आईचा फार अभिमान वाटतो. वीस वर्षांपूर्वी बोललेल्या एका वाक्यासाठी पंचाहत्तरीची बाई सूप घेऊन शेजारच्या अंगणात गेली. मी, पन्नाशीचा, तीन वर्षांपूर्वीच्या एका दुध्यासाठी अजून ओटीवरून उतरलेलो नाही. दर वेळी ठरवतो, आज सांगू. मग वाटतं, आता सांगितलं तर दोघींची मैत्री मोडेल. हे अर्थातच खोटं आहे. दोघींची मैत्री चांगली घट्ट आहे. मोडेल ते माझं 'गुनी हाय'.

आईला हे सांगायचं अजून बाकी आहे, की तिचा हात कधीच गेला नव्हता.