दाराखालची चार बोटं भुई

आमच्या घरात फरशी आली ती माझ्या बोलण्यामुळे. दिवाळीच्या सुटीत मी अमरावतीच्या इंग्रजी शाळेतून घरी आले होते. जेवताना बाबांनी सहज विचारलं, की तुमच्या शाळेचा बंगला कसा आहे. मी घरात फारशी बोलत नसे. शाळेत गेल्यापासून तर एखादी गोष्ट सांगावी की नाही हे ठरवेपर्यंत विषय बदललेला असे. त्या दिवशी मात्र बोलले. सांगितलं, की दिवाणखान्यातली फरशी दारापाशी संपत नाही. तीच व्हरांड्यात जाते आणि एक पायरीही न उतरता बाहेर चिंचेच्या झाडापर्यंत जाते. मध्ये उंबरठा नाही. दारं उघडी असली की आपण आत बसलोय की बाहेर, ते कळत नाही.

बाबा घास हातात धरून ऐकत होते. ते गावचे पाटील. घरी तलाठी येत, कधी तहसीलदार येत, आणि त्यांना शेणाने सारवलेल्या बैठकीत सतरंजी टाकून बसवताना बाबांना ओशाळं वाटे, हे मला माहीत होतं.

"आत-बाहेर एकच?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले.

मला आठवतं, त्या एका शब्दाने मला फार बरं वाटलं होतं.

चैत्रात शहाबादी फरशी निजामाच्या मुलखातून रेल्वेने जऊळक्याच्या स्टेशनावर उतरली आणि तिथून बैलगाड्यांनी गावात आली. परीक्षा होऊन मी घरी आले तेव्हा अंगणात राखाडी दगडांची चवड लागली होती आणि वाशिमचे एक म्हातारे मुसलमान मिस्त्री, ज्यांना सगळे चाचा म्हणत, दाराखाली उकिडवे बसून उंबरठ्याचं लाकूड काढत होते. ते लाकूड माझ्या पणजोबांनी बसवलेलं होतं. दोन माणसांनी उचलून ते गोठ्याच्या माळ्यावर टाकलं. त्याच्या जागी एक लांबट खड्डा उरला, त्यात मुंग्यांची घरं आणि जुन्या हळदीकुंकवाची पिवळी-लाल माती.

"पाटीलसाहेब," चाचा म्हणाले, "इथं लाकूड होतं, जमीन पोली हाय. भरून टाकतो, पण एक पावसाळा बसू द्या. बाकीचं सारं करतो, दाराखालचा दगड दिवाळीले लावतो."

"मंग मधात खड्डा दिसन ना, चाचा."

"खड्डा नाई, माती दिसन. माती का वाईट हाय?"

"मातीच तं झाकाची हाय," बाबा म्हणाले. "आताच टाका."

चाचांनी दोरी धरली. देवघराच्या भिंतीपासून माजघर, बैठक, ओसरी, आणि ओसरीतून अंगणातल्या कडुलिंबाच्या पारापर्यंत एकच दोरी. पाण्याने समपातळी बघितली आणि दगडाला दगड भिडवत, सांध्यात चुना भरत, पंधरा दिवसांत ते दारातून पारापर्यंत पोचले. रिठदपासून लोक बघायला आले. चपला लांब काढून, पाय झटकून, ओसरीवर हळूच पाय ठेवत.

"यावर तं माणूस भाकर वाढून खाईन," एकजण म्हणाला.

"भाकर खाशीन, पण थुकशीन कुठं?" दुसऱ्याने विचारलं. बाबा सगळ्यांत जास्त हसले.

 फरशीआधी आई दर आठवड्याला सगळं घर सारवायची, रोज सकाळी चूल आणि ओसरी वेगळी. तिचे गुडघे तिशीतच वाजायला लागले होते. फरशी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ती ओल्या फडक्याने बैठक पुसून उठली, अगदी थोड्या वेळात, आणि मग दाराच्या चौकटीला टेकून नुसती उभी राहिली. तिला तसं काही न करता उभी असलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

मीही दुपारी पुस्तकं घेऊन बैठकीत बसे आणि ऊन सरकेल तशी ओसरीकडे सरके, संध्याकाळी कडुलिंबाखाली. तळपायाखाली तोच गार दगड. मला वाटे, शाळेतली एक चांगली गोष्ट मी घरी आणली.

जूनमध्ये माझं मॅट्रिकचं वर्ष सुरू होणार होतं. ते होईल की नाही हे आत्यावर अवलंबून होतं. आत्या बाबांची मोठी बहीण. लहानपणीच विधवा होऊन परत आलेली. बाबांना तिने वाढवलं होतं, आणि बाबा तहसीलदाराला जे तोंडावर सांगत ते आत्याला सांगू शकत नसत. मला शाळेत घालताना तिने एकच अट घातली होती: पोरगी तिथं काय करते ते मी पाहणार नाही, पण सुटीत घरी आली की घराच्या चालीनं राहिली पाहिजे. ती अट मी चार वर्षं पाळली होती. फरशीचं काम झालं तेव्हा आत्या कारंज्याला दिराकडे होती. वैशाखात ती बैलांच्या दमणीतून उतरली, अंगणातल्या दगडाकडे पाहिलं, दारापाशी आली आणि थांबली. उंबरठ्याला हात लावून आत जायची तिची सवय. ती वाकली, हात दगडापर्यंत नेला, आणि तसाच परत घेतला.

"उंबरा कुठी हाय?"

"माळ्यावर ठेवला, आक्का," बाबा म्हणाले. "जपून ठेवला."

ती आत गेली. आठ दिवस तसेच गेले. मग माझी बाहेर बसायची वेळ आली.

हे लिहायला मला संकोच वाटतो, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्या चार दिवसांत आमच्याकडे बाई घरात शिरत नाही. आधी ओसरी मातीची होती, तेव्हा मी ओसरीच्या टोकाला, बैठकीच्या खिडकीखाली, कांबळ्यावर बसत असे. खरं सांगायचं तर ते दिवस मला आवडत. कुणी काम सांगत नसे. खिडकीतून आईचा आवाज येई, प्रकाश चांगला असे, आणि पुस्तकं मला सुटीत सर्वांत जास्त तिथेच वाचून झाली. चौथ्या दिवशी न्हाऊन आत यायचं, कोपरा सारवला की झालं.

मी नेहमीसारखं कांबळं घेऊन ओसरीवर गेले. आत्या दारात आली.

"तिथं नोको बसू."

मी उभी राहिले. बाबा पारावर होते. ती त्यांच्याकडे वळली.

"भाऊ, एका सतरंजीच्या या टोकाले विटाळाची बाई बसली, तं त्या टोकाच्या माणसाले विटाळ होते का नाई?"

"होते," बाबा म्हणाले. आमच्या घरात याला दुसरं उत्तर नव्हतं.

"मंग ही काय हाय? दगडाची सतरंजीच हाय. ही इथं बसली का देवाखालचा दगड बाटला."

"आक्का, दगडं अलग अलग हायेत."

"चुन्यानं शिवले ना एकमेकाले? मधात भुई कुठी हाय? भुई असती तं तोडलं असतं तिनं. भुईले काही लागत नाई. तूच बुजवली ते."

  सतरंजी आणि भुई यांतला फरक बाबांनाही लहानपणापासून पाठ होता, फक्त चाचांनी दोरी धरली तेव्हा त्यांच्या तो ध्यानात आला नव्हता. माझ्याही आला नव्हता. शाळेतल्या फरशीवर आम्ही मुली महिन्याच्या सगळ्या दिवसांत सारख्याच बसायचो, म्हणून मी विसरले होते.

मी गोठ्याला लागून असलेल्या कडब्याच्या खोलीत गेले. तिथे खिडकी नव्हती. दार उघडलं तर गाईच्या माश्या, लावलं तर अंधार. चार दिवसांत मी एक पानही वाचलं नाही. आत बाहेर एकच करायला निघालेल्या फरशीने मला आधीपेक्षा वीस पावलं लांब नेलं होतं.

मला उपाय सुचला होता. दाराखालचा एक दगड काढायचा. तेवढी माती उघडी राहिली की सतरंजी फाटली. चौथ्या दिवशी न्हाणीत पाणी घालताना मी ते आईला सांगितलं.

आईने तांब्या थांबवला. "कोणाले सांगतलं काय हे?"

"नाही."

"मंग नोको सांगू." ती हळू बोलत होती. "एकडाव दाराखाली माती आली का तुही आत्या म्हणन, माजघरातबी असू दे, बैठकीतबी असू दे. मंग मी हाय अन् शेणाची पाटी हाय. माह्ये गुडघे पाह्यले ना तू?"

पाहिले होते. मी ते कुणाला सांगितलं नाही. आईचा मला अजूनही राग येत नाही, आणि येत नाही याचाच कधीकधी येतो.

त्यानंतर रोज थोडं थोडं सुरू झालं. आत्या बैठकीत पाय ठेवेना. देवाचं पाणी ती मागच्या दाराने आणू लागली. जेवायला स्वयंपाकघरात, जिथे अजून माती होती तिथेच बसायची. एक दिवस ती म्हणाली, की ही फरशी त्या शाळेतून आली, अजून एक साल पोरगी तिथं राह्यली तं काय काय येईन. बाबा मान खाली घालून ऐकत होते. फरशी उखडणं त्यांना शक्य नव्हतं. तालुक्याचे साहेब दोनदा येऊन पाहून गेले होते आणि तिसऱ्यांदा बायकोला घेऊन येणार होते. आत्याला काहीतरी द्यायला तर हवं होतं.

त्यांनी मला बैठकीत बोलावलं. समोर कागद आणि दौत होती. बाबांना इंग्रजी वाचता येई, लिहिताना मात्र ते अडखळत. त्यामुळे शाळेला जाणारी पत्रं नेहमी मीच लिहायची आणि ते सही करायचे.

"लिही," ते म्हणाले, "का घरच्या अडचणीनं पोरीले पुढं पाठवता येत नाई."

मी लिहिलं. अडचण या शब्दासाठी कोणता शब्द वापरावा यावर थोडा विचारही केला. पत्र चांगलं झालं. बाबांनी एकदा वाचलं, सही केली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "एका सालाचाच तं फरक हाय." माझी ट्रंक, जी मी अर्धी भरली होती, आईने धान्याच्या खोलीत नेऊन ठेवली. आत्या दुसऱ्या दिवसापासून बैठकीत पाय ठेवू लागली. फरशी होती तशीच होती. मी शाळेत नव्हते, एवढ्यावर तिचं भागलं.

कडब्याच्या खोलीत मी जूनमध्ये बसले, जुलैमध्ये बसले. श्रावणात दाराखालचा दगड मधोमध तडकला. उंबरठ्याची पोकळ जागा खाली बसली होती, चाचा म्हणाले होते तशी. साहेबांच्या बायकोची चप्पल त्या फटीत अडकली, तेव्हा बाबांनी वाशिमला निरोप पाठवला.

चाचांनी दगडाचे दोन्ही तुकडे उचलले. खाली ओलसर काळी माती होती, कडेला अजून थोडं कुंकू. आत्या दारातच उभी होती. तिने वाकून माती पाहिली.

"नवा दगड नोको," ती म्हणाली. "असंच राहू दे. भुई दिसून राह्यली."

"आक्का, एवढं मोठं बोगदं कसं ठेवाचं?" बाबा म्हणाले.

"मी बारीक करतो," चाचा म्हणाले. त्यांनी दोन्ही बाजूंनी दगडाच्या अरुंद पट्ट्या बसवल्या आणि मध्ये, या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत, चार बोटं रुंद माती उघडी ठेवली. ती ठोकून घट्ट केली. जेवणाच्या आधी काम झालं होतं.

"झालं," आत्या म्हणाली. "आता पोरगी ओसरीवर बसू शकते."

चाचा हात धूत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आत्याकडे. "बाई, एवढंच पाह्यजे होतं तं उन्हाळ्यातच सांगाचं होतं ना. मी तं मातीच ठेवून राह्यलो होतो."

 आई आत होती. तिच्या हातातलं भांडं पडल्याचा आवाज आला. शाळा सुरू होऊन दोन महिने झाले होते, आणि माझी जागा दुसऱ्या मुलीला दिल्याचं शाळेचं पत्र बाबांच्या खणात होतं. माझ्या इंग्रजीची त्यात स्तुती केली होती.

आईची भीती खरी ठरली नाही. आत्याने आणखी माती कुठेच मागितली नाही. त्या चार बोटांवर तिचं समाधान झालं. तेवढं मात्र रोज सारवावं लागतं, नाहीतर भुई म्हणून तिचा उपयोग नाही. ते काम माझ्याकडे आलं. सकाळी मूठभर शेण आणि थोडं पाणी घेऊन मी दारात वाकते आणि एका चौकटीपासून दुसऱ्या चौकटीपर्यंत बोटं फिरवते. दगडावर शेण गेलं तर बाबांना चालत नाही आणि माती कोरडी राहिली तर आत्याला चालत नाही, म्हणून हात नेमका चालवावा लागतो. आता तो चालतो.

लोक अजून फरशी बघायला येतात. दारापाशी आले की खाली बघतात आणि विचारतात, "पाटील, मधात ही मातीची पट्टी काहून सोडली?"

"पद्धतच आहे तशी," बाबा म्हणतात. पाहुण्यांशी ते पुस्तकी बोलतात. "अमरावतीच्या इंग्रजी शाळेत अशीच आहे. आमची मुलगी तिथं शिकली. विचारा तिला."

लोक माझ्याकडे वळतात.

"हो," मी म्हणते.