पाण्याकाठी आयतं ताट

या एप्रिलमध्ये आईनं शाळेतलं काम सोडलं. गारगोटीच्या अलीकडच्या आमच्या गावात ती शाळेचा पोषण आहार शिजवायची. खिचडी, आमटी, मटकीची उसळ. मी त्याच शाळेत शिकले, गारगोटीला पुढची शाळा केली, कोल्हापुरात कॉलेज केलं, नोकरीला लागले, तरी तिचं पातेलं चुलीवरून उतरलं नव्हतं. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. ती पदवी कुठल्या चुलीवर शिजली हे मला ठाऊक आहे.

काम सोडल्यावर मी तिला साडी घेऊ म्हटलं, तर साड्या पेटीत पडून आहेत म्हणाली. मग मी मनाशी ठरवलं, तिला दोन दिवस सुट्टी द्यायची. कुठंतरी पाण्याकाठी, झाडाखाली.

पाणीच का, तर मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. धरणांचं, तळ्यांचं, विहिरींचं पाणी बाटल्यांतून आमच्या टेबलावर येतं. जिल्ह्यातल्या बहुतेक तळ्यांशी माझी ओळख आहे ती अशी, बाटलीतून. काठावर बसून बघितलेलं असं एक रंकाळाच, आणि तिथं भेळ खाऊन तासाभरात मंगळवार पेठेतल्या खोलीवर परत यायचं, याला काही सुट्टी म्हणत नाहीत.

कामावरच्या मैत्रिणीनं मोबाईलवर एक पान पाठवलं. उन्हाळ्यात तळ्याकाठी जायचं तर आधी आपण कुठल्या प्रकारचे प्रवासी आहोत ते ओळखा, असं त्यात होतं, आणि खाली प्रश्न. मला प्रश्नपत्रिका दिसली की सोडवल्याशिवाय राहवत नाही. रविवारी गावी गेले आणि आई-वडील दोघांनाही समोर बसवलं.

“आई, तुला धाडस आवडतं का निवांतपणा?”

“म्हंजे काय?”

“म्हणजे होडीत बसायचं, पोहायचं, डोंगर चढायचा, का नुसतं बसायचं?”

“नुसतं बसून काय करू?”

अण्णा भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, “तिला काय इचारालीस? माझं लिव्ह. आदी मटाण कुठं मिळतंय ते बग, मग तळं बग.”

अण्णांना विचारण्यात अर्थ नव्हता, कारण त्यांचं आधीच सगळं फिरून झालं होतं. ते फौंड्रीत होते. तिथल्या सोबत्यांचं रस्सा मंडळ होतं, अजून आहे. सुट्टी मिळाली की मोठं पातेलं, परात आणि मटण घेऊन ही माणसं कुठल्या तरी नदीवर, नाहीतर धरणाच्या काठावर जायची. तिथं चूल मांडायची, रस्सा करायचा, तिथल्या तिथं संपवायचा. घरी वाटीभरही आणायचा नाही, असा नियम. बायका अर्थातच नाहीत. मंडळात अण्णांचा रस्सा सगळ्यांत भारी, असं त्यांचे सोबती आम्हाला रस्त्यात अडवून सांगायचे. घरात अण्णांनी चहासुद्धा केलेला मी पाहिला नाही. आईचा तर त्या रश्श्यावर विश्वासच नव्हता. “कांदं सोलत असतील,” ती म्हणायची, “आणि नाव आपलं सांगत असतील.”

मी शेवटचा प्रश्न वाचला. सुट्टीत तुम्हाला सर्वांत जास्त काय हवं आहे?

आई तांदूळ निवडत होती. तिनं दोन खडे वेचून बाजूला टाकले. मग खाली बघूनच म्हणाली, “गेल्यावर आयतं मिळंल न्हवं जेवायला? गरम? बसून?”

त्या पानावर या उत्तराला जागा नव्हती, पण माझं काम सोपं झालं. राधानगरीकडे तंबू होते. चित्रात तंबूसमोर शेकोटी होती आणि प्रत्येक चित्रात मोठा स्पीकर होता. ते मी सोडलं. एका ठिकाणी पोहायचा हौद होता. एवढं धरण शेजारी असताना हौद कशाला, असं अण्णा म्हणाले, आणि ते मला पटलं. शेवटी पाटगावकडच्या धरणाकाठचं एक शेतकऱ्याचं घर सापडलं. दोन खोल्या पाहुण्यांना, पुढं ओटा, ओट्यावरून पाणी दिसतं, आणि घरची बाई चुलीवरचं जेवण करून वाढते. फोनवर मी तीनदा विचारलं, “वाढता ना तुम्हीच?” पलीकडचा माणूस म्हणाला, “वाढतो की बाई, भरवा म्हटलासा तर भरवतो.”

चौदा एप्रिलची जयंती झाली की जायचं ठरलं. जयंती झाल्यावर आईला वाळवणं आठवली. कुरड्या राहिल्यात, सांडगे राहिलेत, ऊन चांगलं पडलंय. शेवटी ती तयार झाली ती एका अटीवर. “करमलं तर ऱ्हातो. न्हाई करमलं तर दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं मी परत येतो. मग मला अडवायचं न्हाई.”

मी कबूल केलं. तिथं गेल्यावर न करमायला काय झालं, असं मला वाटलं होतं.

घर फोनवर सांगितलं तसंच होतं. पाणी उन्हाळ्यानं खाली गेलेलं, काठाची तांबडी माती उघडी पडलेली, पलीकडे डोंगर आणि वाटेला करवंदीच्या जाळ्या. मालकानं पाणी दिलं, त्याच्या बायकोनं गूळ दिला. मी पिशव्या खोलीत ठेवून बाहेर आले तर आई ओट्यावर नव्हती. आत चुलीपुढं बसली होती, परात पुढ्यात ओढून. भाकरी थापत होती.

“आई, अगं तू काय करालीस?”

“ह्या एकट्याच करालत्या. मी काय पावणी हाय व्हय?”

“पाहुणीच आहेस.”

मालकीणबाई खुशीत होत्या. “ऱ्हाऊ द्या की ताई, हात बगा त्यांचा कसा हाय.” त्या रात्री आईनं सगळ्यांना वाढलं आणि मालकीणबाईंबरोबर सगळ्यांत शेवटी जेवली. अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला, तो उलटापालटा करून बघितला आणि म्हणाले, “एवढ्या लांब येऊन ही तुझीच भाकरी.”

सकाळी मी उठले तेव्हा अंगण झाडून झालं होतं. आई मालकाला दुपारची गाडी कुठं थांबते ते विचारत होती.

“काय झालं?” मी म्हटलं.

“काय हुतंय? जागा चांगली हाय, माणसं चांगली हाईत. पण घरात बी हेच, हितं बी हेच. मग घरातलंच करतो की. कुरड्या तर हुतील.”

ती बोलत होती ते खरंच होतं. मालकीणबाईंना ‘आईला चुलीजवळ येऊ देऊ नका’ सांगावं, तर त्यांच्या घरात हे सांगणारी मी कोण, आणि आई ऐकणार होती थोडीच. मी उतरून पाण्याकडे गेले. अण्णा तिथं एका जांभळाखाली उभे राहून जमिनीकडे बघत होते. काजळी धरलेले तीन दगड होते.

“अण्णा, आई दुपारच्या गाडीनं चाललीय.”

“हितं कुणीतरी रस्सा केलाय,” अण्णा म्हणाले. “आनि अडाणी न्हाईत. वाऱ्याकडं पाठ करून चूल मांडलीया.”

“अण्णा, मी काय म्हणते?”

“ऐकलं की. दुपारच्या गाडीला लई येळ हाय.”

ते तसेच वर गेले आणि मालकाच्या मोटरसायकलवर मागं बसून निघून गेले. परत आले तेव्हा हातात मटणाची पिशवी होती. त्यांनी मालकीणबाईंकडे पातेलं, कांदे, खोबरं, आलं-लसूण, हळद-मीठ आणि मसाल्याची घरची लाल चटणी मागितली. “भाकरी तेवढी तुमी करा,” म्हणाले, “बाकीचं तिकडं बगतो.” आई त्यांच्या मागोमाग उतरायला लागली, तसे ते वाटेतच थांबले.

“तू कुठं?”

“कुठं म्हंजे? मटाण कोण करनार?”

“मंडळ करनार. बायकांनी चुलीजवळ यायचं न्हाई. नियम हाय.”

“कसलं मंडळ? एकटा माणूस मंडळ हुतोय व्हय?”

“हुतोय. आज मीच अध्यक्ष, मीच आचारी. तू तिकडं झाडाबुडी बस.”

मला या नियमाचा लहानपणापासून राग होता. त्या दिवशी मी घोंगडं घेऊन आले आणि आईला त्या नियमाप्रमाणे बसवलं.

बसणं तिला जमेना. गवताच्या काड्या उपटायची, मोडायची, मान लांब करून बघायची. अण्णांनी मटण हळद-मीठ लावून शिजत ठेवलं आणि निखाऱ्यांत अख्खे कांदे आणि खोबऱ्याची वाटी सरकवली.

“अवो, कांदा करपला.”

“करपवायचाच असतोय.”

“खोबऱ्यानं पेट घेतला बगा.”

“घेऊ दे. तू पानी बग. पानी बगायला आलीयास न्हवं?”

तिनं पाणी बघितलं, पण थोडंच. अण्णांनी भाजलेला कांदा सोलला, आलं-लसूण घेतलं आणि एका सपाट दगडावर ते सगळं दुसऱ्या दगडानं वाटलं. त्यांच्या हातांना ही सवय होती हे दिसत होतं. आईलाही ते दिसत असणार, कारण तिचं बोलणं हळूहळू कमी झालं. वर रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला. मी आईकडे बघितलं. तिनं मान वळवली, पण उठली नाही. अण्णांनी तेवढ्यात पातेल्यातलं अळणी, म्हणजे चटणी पडायच्या आधीचं मटणाचं पिवळं पाणी, एका पेल्यात काढलं आणि तिच्या हातात दिलं.

“फुंकून पी. भाजंल.”

आईनं घोट घेतला. “हळद जास्त झालीया,” म्हणाली, आणि पेला रिकामा केला. अण्णांनी न विचारता पुन्हा भरला.

मालक ताटं घेऊन आला, मागोमाग मालकीणबाई भाकऱ्यांची टोपली घेऊन आल्या, तर अण्णांनी त्यांनाही आईशेजारी बसायला लावलं. “नियम सगळ्यांस्नी एकच,” म्हणाले. दोघी बायका घोंगड्यावर शेजारी शेजारी बसल्या, थोड्या अवघडून, आणि अण्णांनी त्यांना आधी वाढलं. मी आणि मालक नंतर. रस्सा लालभडक होता, वर तर्रीचा थर.

आईनं भाकरी कुस्करली, रस्सा ओतून घेतला आणि पहिला घास खाल्ला. आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो. अण्णा हातात पळी धरून उभेच.

“काय बगालाईसा सगळी? जेवा की,” ती म्हणाली. मग अण्णांना म्हणाली, “हे तुमी घरात का करत न्हाई?”

“घरात पानी कुठं हाय?” अण्णा म्हणाले.

“नळ हाय की.”

मालकीणबाई पदरात तोंड लपवून हसायला लागल्या. नवऱ्याला म्हणाल्या, “तुमी बी शिका काय तरी ह्या पावण्यांकडनं.” तो म्हणाला, “मी भांडी घासतो म्हटलं तर चालंल?” आईनं मात्र ताट पुढं केलं आणि आणखी रस्सा मागितला. मागून घेऊन जेवताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. घरात तिला वाढायलाच कुणी नसायचं.

जेवणं झाली तशी आई सवयीनं पातेल्याकडे सरकली. अण्णा म्हणाले, “मंडळात खाणाऱ्यांनी भांडी घासायची. पन सगळ्यांत शिकलेल्यानं.” हा नियम मात्र त्यांनी तिथल्या तिथं केला होता. मी पातेलं उचललं आणि पाण्यावर गेले.

पाणी गार होतं आणि तळ दिसेल इतकं नितळ. मी माती आणि राख घेऊन पातेलं घासू लागले. काठावरून, घोंगड्यावर आडव्या झालेल्या आईचा आवाज येत होता.

“बुडाला राख लाव आदी. तशी न्हाई, ओली करून. कानाकडं ऱ्हातंय बग. आनि जोर लावून घास, कॉलेजात शिकवलं न्हाई म्हनून काय झालं. आनि हे बग, पालथं ठिवताना...”

पुढं काही आलंच नाही. मी वळून बघितलं. आई कुशीवर, दंडाची उशी करून झोपली होती. तोंड थोडं उघडं, तळहात पालथा पडलेला. अण्णा तिच्या पायाशी बसून टोपीनं माशा हाकत होते. त्यांनी माझ्याकडे बघून हात खाली केला, आवाज करू नको म्हणून.

मी पातेलं दगडावर ठेवलं नाही. वाजलं असतं. तसंच पाण्यात धरून उभी राहिले.