भिंत मागायची रीत

दिवाळीच्या सुट्टीत नात लातूरहून घरी आली, तेव्हा मी तिच्यापुढं फोन धरला आणि म्हणालो, "ह्यातल्या जाहिराती बंद करून दे. एकूण एक."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "आबा, तुम्ही? तुम्ही तर जन्मभर जाहिरातीच रंगवल्यात."

खरंच आहे. मी पेंटर. नांदेड-लातूर भागात एसटीच्या रस्त्यांना लागून जेवढ्या भिंती होत्या, त्यातल्या निम्म्या तरी माझ्या हाताखालून गेल्या असतील. थोडी बढाई आहे, पण थोडीच. अर्धापूरला केळीच्या खताच्या, हदगावला कापसाच्या बियाण्याच्या, मुखेडच्या बाजारात साबणाच्या आणि चहापत्तीच्या. नीळ पाण्यात कालवून दोरी भिजवायची, ती ताणून भिंतीवर फटकारायची की सरळ रेघ उठायची. त्या रेघेवर मी हातभर उंचीची अक्षरं काढायचो. एसटीत खिडकीशी बसून बायकोला दाखवायचो, हे माझं, ते माझं. ती म्हणायची, "शेत असल्यावानी दाखवून राहिलात." ते दिवस आठवले की अजून हाताला चुन्याचा वास येतो.

बायको जाऊन दोन वर्षं झाली. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात नातीनं तिच्या ओव्या फोनवर घेतल्या आणि सगळ्या नातेवाइकांना ऐकता याव्यात म्हणून इंटरनेटवर टाकल्या. मी रोज सकाळी चहा झाला की त्या लावतो. पहिल्या दिवसापासून मध्येच जाहिरात येते. बायको ओवीच्या शेवटावर येते, आवाज चढवते, आणि तेवढ्यात एक इसम दात काढत केसांचं तेल विकायला उभा राहतो. माझ्या डोक्यावर केस नाहीत ही गोष्ट वेगळी. तो गेला तरी माझी बडबड चालूच असते, आणि तेवढ्यात बायको एकदम हसताना दिसते. कशाला हसली, त्याचा पत्ता लागत नाही. सकाळी सकाळी देवाचं नाव घ्यायचं सोडून मी त्या माणसाला शिव्या देत बसतो.

नातीला ह्यातलं काही नवीन नव्हतं. "आमच्या होस्टेलवर सगळ्यांनीच बंद केल्यात," ती म्हणाली. "एक तर डेटा खातात. वर आपण काय बघतो ते त्यांना कळतं. सराव परीक्षेत मार्क कमी पडले म्हणून मी काहीतरी शोधलं, तर महिनाभर नापासांच्या क्लासच्या जाहिराती मागं लागल्या. धडा ऐकायला बसलं की पहिलं तेच. रडू यायचं." मग म्हणाली, "पण मागच्या साली मी माझ्या फोनवर बंद केल्या तर तुम्हीच रागावला होतात. कुणाच्या पोटावर पाय देऊ नये म्हणालात."

म्हणालो होतो. अजूनही वाटतं की त्या तेलवाल्याच्या मागं कुणीतरी माझ्यासारखा पोटार्थी असेल. तरी मी तिला म्हणालो, "बस इथं. सांगतो."

भिंत मागायची आमची एक रीत होती. मालक दारात असेल तर रामराम करायचा, पाणी मागायचं, पाऊसपाण्याचं बोलायचं आणि मग भिंतीचा विषय काढायचा. मालक हो म्हणाला की बदल्यात दारावर त्याचं नाव फुकट लिहून द्यायचं, तेही अक्षरांना तांबडी शेड, म्हणजे सावली, देऊन. लोकांना त्या नावाचं लई अप्रूप. कितीतरी घरं नुसत्या नावासाठी भिंत द्यायची. न विचारता मी कधी कुणाच्या भिंतीला ब्रश लावला नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगायचो.

त्र्याण्णवच्या भूकंपाच्या आदल्या वर्षी औशाकडच्या एका गावात एसटी थांब्यासमोर एक भिंत मला फार आवडली. दगडामातीचं घर, पांढऱ्या मातीनं सारवलेली ओसरी, बस थांबली की सगळी नजर तिथंच. मालकानं लगेच हो म्हटलं. मी दोरी काढली तर त्याची बायको बाहेर आली. "ही भिंत नगं दादा. दुसरी घ्या." त्याच भिंतीवर, ओसरीच्या कोपऱ्यात पाऊस लागत नाही तिथं, हळदीच्या हातांचे दोन थापे होते. तिच्या एकुलत्या एक लेकीनं सासरी जाताना उठवलेले. लेक पहिल्या बाळंतपणात गेली होती.

मी मालकाकडं बघितलं. तो म्हणाला, "मारा हो चुना. किती दिस बघत बसनार हाय ती." आणि मी मारला. मालक हो म्हणाला होता, माझी रीत पाळली गेली होती. चुन्याचा पहिला हात दिला तरी पिवळं वर येत होतं, म्हणून दुसरा दिला. ती बाई खांबाला धरून उभी होती. संध्याकाळपर्यंत तिथं साबणाची वडी आणि निळी अक्षरं झाली, आणि परतीच्या एसटीतून ती बघून मी खूश झालो. एवढा मी मूर्ख होतो.

पुढच्या वर्षी भूकंप झाला. नांदेडला आमच्या मांडणीवरची भांडी वाजली, तिकडं ते गाव आडवं झालं. माझी हिंमत झाली नाही तिकडं जायची. भिंत तर पडणारच होती, मी रंगवली काय आणि नाही काय, असं स्वतःला समजावत राहिलो. त्यानं काही भागलं नाही.

मग लातूरला क्लासचं पेव फुटलं. डॉक्टर व्हा, इंजिनियर व्हा. माझ्या हाताला उसंत नव्हती, आणि त्या कामातच एक दिवस त्या गावी जावं लागलं. गाव नव्या जागी वसवलेलं, एकसारखी सिमेंटची घरं, दारांवर नुसते आकडे. एका घरापुढं मी रामराम केला आणि आतून तीच बाई आली. मालक भूकंपात गेला होता. तिनं मला ओळखलं. माझ्या हातातली दोरी बघितली आणि म्हणाली, "काढा की. ह्या भिंतीवर हाय काय पुसायला?"

टोमणा नव्हता तो. ती खरंच परवानगी देत होती, आणि तेच मला सोसलं नाही. मी दोरी गुंडाळली आणि शिडी क्लासवाल्यांच्या मोटारीवर परत चढवली. जाताना रीत म्हणून विचारलं, दारावर नाव लिहून देऊ का. "मालकाचं नगं," ती म्हणाली. "लेकीचं लिवा."

त्या आकड्याच्या वर मी नाव लिहिलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं अक्षर ते असेल. त्या दिवसापासून मी घरातल्या बाईला विचारल्याशिवाय भिंत घेतली नाही. बरीच कामं गेली. पुढं फ्लेक्स आले आणि विचारायचं कामच संपलं.

नातीनं सगळं ऐकून माझ्या हातातला फोन घेतला. त्यावर तिनं जाहिराती अडवणारा कसलासा ब्राऊझर टाकला, दोन-चार ठिकाणी बोट लावलं आणि बायकोच्या ओव्या लावून दिल्या.

ओवीचा शेवट आला. बायकोनं आवाज चढवला. मी सवयीनं कपाळाला आठी घालून बसलो, पण तेलवाला आला नाही. तिच्या मागून, कॅमेऱ्याबाहेरून, एक म्हातारा कुरकुरला, "गानं झालं असंल तर चहाचं बघ." आणि बायको हसली.

तो माझाच आवाज होता. दोन वर्षं मला वाटत होतं ती कशाला हसली ते कळायचं नाही, आणि ती मला हसली होती. मी नातीपुढं ढसाढसा रडलो.

ती म्हणाली, "आबा, परत लावू?"

मला ती खांबाला धरून उभी असलेली बाई दिसत होती. तिच्या लेकीचे थापे तिला परत लावून द्यायला कुणी नव्हतं.

"लाव," मी म्हणालो.