आमेन होईपर्यंत

माउंट नेबो चर्चमध्ये ज्याचा सन्मान झाला तो माणूस कामातून गेला, हे व्हर्नेल टॉलिव्हरला पक्कं ठाऊक होतं. दर फेब्रुवारीत, अमेरिकेतल्या काळ्यांच्या इतिहासाच्या महिन्यात, शेवटच्या रविवारी एका वडीलधाऱ्याला सन्मानफलक मिळे आणि पहिल्या बाकावर जागा. तो बसला रे बसला की त्याचं काम दुसऱ्याला. गेल्या साली चर्चचा कारभार बघणारे डीकन ग्रिग्ज बसले. दुपारच्या जेवणात कोंबडीची तंगडी तोंडात असतानाच त्यांच्याकडून तळघराच्या किल्ल्या काढून घेतल्या.

"जिवंतपणीच मर्तिक उरकतात गं," ग्रिग्ज म्हणाले होते. "फायदा एवढाच की केक आपल्यालाही मिळतो."

यंदा पाळी व्हर्नेलची. वय त्र्याहत्तर, त्यातली चोपन्न वर्षं चर्चच्या दारावर. पांढरा गणवेश, पांढरे हातमोजे, डावा हात पाठीशी. प्रार्थना सुरू झाली की उजवा तळवा वर, आणि मग आमेन होईपर्यंत आत कुणी नाही. एकदा शवपेटीलाही थांबावं लागलं होतं. मयताची तक्रार नव्हती.

तिच्या जागी नवे पाळक, रेव्हरंड हॅलोवे, जांभळ्या टी-शर्टातलं स्वागत पथक आणणार होते.

"आता बसा हो, सिस्टर."

"पुढे आडवंच व्हायचंय, रेव्हरंड. तोवर उभी राहते."

पण फलक कोरून तयार होता.

सन्मानाचं कारण एकोणीसशे पासष्ट सालचं. काळ्यांच्या मतदार नोंदणीसाठी चर्चमध्ये बैठक भरली होती आणि गोरा शेरीफ अटकेचे कागद घेऊन आला. आत प्रार्थना चालू होती. एकोणीस वर्षांच्या व्हर्नेलनं तळवा वर केला. शेरीफही देवभीरू बॅप्टिस्ट आईच्याच पोटचा. टोपी काढून चाळीस मिनिटं उभा राहिला. तेवढ्यात अख्खी बैठक स्वयंपाकघराच्या खिडकीतून पसार झाली. दरवर्षी या गोष्टीत व्हर्नेल चार बोटं उंच होई. खरं म्हणजे तिनं घाबरून हात वर केला होता आणि तो खाली घ्यायचं तिला सुचलंच नव्हतं. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. तेवढ्या भीतीवर एक जन्म उभा राहिला, तर मोडा कशाला?

त्या रविवारी रेव्हरंड पाहुण्या बिशपबाईंना आणायला मोटारीपाशी गेले, आणि आत डीकन ग्रिग्ज प्रार्थनेला उठले. रेव्हरंड परतले ते बगलेत फलक घेऊनच. समोर पांढरा तळवा.

"सिस्टर, उघडा."

"प्रार्थना चालू आहे."

"अहो, मी पाळक आहे!"

"म्हणूनच तुम्हाला नियम सांगावा लागू नये."

ग्रिग्जनी एक डोळा किलकिला करून दाराची काच पाहिली, आणि देवाला सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं. आफ्रिकेचा किनारा. जहाजं. एकेका मळ्याचं नाव. दहा मिनिटं झाली तरी गुलामी संपेना. बाहेर रेव्हरंडचे दात वाजू लागले.

"हे कुठवर आलेत?" बिशपबाईंनी दाराच्या फटीतून विचारलं.

"कापसापर्यंत, बाईसाहेब."

"अरे देवा. माझी शाल मोटारीत राहिली."

अखेर आमेन झालं. तळवा खाली आला. रेव्हरंड निळ्या ओठांनी व्यासपीठावर चढले आणि लिहून आणलेलं वाचू लागले: "...आणि तो शेरीफ, हातात टोपी घेऊन, चाळीस मिनिटं या दाराबाहेर..."

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. मग दुसरं. मग गायकवृंदानंच लाज सोडली.

रेव्हरंड थांबले. दाराकडे पाहिलं. मग फलकाकडे, जिथे ठळक अक्षरांत 'माजी मुख्य द्वारपाल' कोरलं होतं.

"मुख्य द्वारपाल," त्यांनी वाचलं, "सिस्टर व्हर्नेल टॉलिव्हर." पहिला शब्द त्यांनी गिळला, घसा हललेला तिला दारातून दिसला. पहिल्या बाकाचं नावही त्यांनी काढलं नाही. ती पुढे गेली, फलक घेतला, तो ग्रिग्जच्या मांडीवर ठेवला आणि परत दाराशी आली.

तिथे जांभळ्या टी-शर्टातल्या तिघी अवघडून उभ्या होत्या.

"आम्ही आता काय करायचं, मिस व्हर्नेल?"

"आधी च्युइंगगम थुंका," ती म्हणाली. "मग हात दाखवा. नखं बघते."